काखेत डिस्क, खाडीला वळसा

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात. मतितार्थ असा की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, ती जोडा आणि कोणतंही बटण दाबा. हे संगणकाने मला सांगावं, याचं नवल वाटतं. डिस्क त्याच्याच पोटात आहे, स्क्रूंनी आवळलेली आहे, तिची घरघर बाहेर ऐकू येते. ती जाणार कुठे? शेवटची फेरीबोट सुटल्यावर आमच्या दिघीतून माणसालाही खाडीपलीकडे जाता येत नाही.

आयबीएमने 1956 साली पहिली हार्ड डिस्क आणली. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची जेमतेम 50 लाख अक्षरं. हलवायला फोर्कलिफ्ट लागायचा. पण ती सापडत नाही, असं म्हणायची सोय यंत्राला नव्हती.

दिघीत कुठल्याही बिघाडाचं कारण आधीच ठरलेलं असतं : खारी हवा. कडी गंजली, स्कूटरचा सायलेन्सर गळाला, डिस्क दिसेना, खारी हवा. यात कुणालाच दोष जात नाही, ही तिची मोठी सोय. शेजारचे काका ऐकल्याबरोबर खोडरबर घेऊन आले. त्यांनी रॅमची पट्टी उपसली आणि तिचे सोनेरी दात मन लावून घासले. रॅमचा नि डिस्कचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणाले, “सगळं एकमेकांना जोडलेलंच असतं.” अध्यात्म म्हणून हे मला मान्य आहे.

दुसऱ्या एकाने वायरी काढून परत घातल्या. हे निदान शास्त्राला धरून होतं. साटा डिस्कला दोन वायरी असतात : 15 पिनांची विजेची आणि 7 पिनांची माहितीची. डिस्क घरघरते म्हणजे पहिली ठीक आहे, एवढंच. दुसरी ढिली असली तर डिस्क फिरत राहते आणि संगणकाला तिचा पत्ता नसतो. आमची घट्ट होती. मग तिसऱ्याने “डिस्क गेली” असं जाहीर केलं आणि खालच्या आवाजात “बॅकअप होता का?” असं विचारलं, मयताला आलेली माणसं “वय काय होतं?” विचारतात, तसं.

शेवटी डबा उचलून मुरूडला न्यायचं ठरलं. गाडीने जायचं तर राजपुरीच्या खाडीला अख्खा वळसा, म्हणून जंगलजेटीने, म्हणजे त्या फेरीबोटीने, पलीकडे आगरदांड्याला उतरलो. दुकानातल्या मुलाने सेटिंगमध्ये काहीतरी दाबलं आणि संगणक निमूट सुरू झाला. पावतीवर ‘तपासणी’ म्हणून रक्कम, आणि शेरा : दोष आढळला नाही. घरी आणून वायर लावली. डिस्क सापडत नाही. फोनवर उत्तर मिळालं, “इथे तर चालत होता.”

चालत होता, कारण तिथे वायर भिंतीत होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा, 3 व्होल्टचा सीआर2032 नावाचा सेल असतो. वीज नसताना तारीख आणि सेटिंग जपून ठेवणं एवढीच त्याची नोकरी. तो संपला की लाइट गेल्यावर बोर्ड सगळं विसरतो आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. आमची विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेली. मूळ सेटिंगमध्ये फक्त नवी, यूईएफआय पद्धत चालते. त्यामुळे सेटिंगच्या यादीत डिस्कचं नाव मोठ्या अक्षरांत दिसतं आणि तरी ती ‘सापडत नाही’. म्हणजे ओळख आहे, पण दखल नाही. सरकारी कचेरीत हा अनुभव आपण घेतलेला असतो. घरात तो विकत घ्यावा लागतो.

पुरावा डोळ्यांसमोर होता. सेटिंगच्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2012. त्या हिशेबाने 3 जून 2020 चं निसर्ग वादळ या किनाऱ्यावर अजून यायचं होतं. खोडरबर, वायरी, दुकान, सगळे त्या तारखेवरून गेले. कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

बोर्ली पंचतनहून आणून नवा सेल घातला, सेटिंग बदललं. तेव्हापासून चालू आहे. मुरूडच्या मुलाचं म्हणणं, दोष नाही हे त्याने लिहूनच दिलं होतं. काकांच्या मते हा खोडरबराचा गुण आहे, फक्त यायला वेळ लागला. परवा ते चहाला आले, तेव्हा आमच्या टीव्हीचा रिमोट उलटसुलट करून बघत होते.