अंधार पडायच्या आत

आमच्या धाकट्या भावजींचा मर्केटर नावाच्या गृहस्थावर राग आहे. हा मर्केटर वारून चारशे वर्षं उलटून गेली, पण १५६९ साली त्याने जगाचा जो नकाशा काढला त्यात ध्रुवाकडचे देश ताणून ताणून मोठे दिसतात, आणि भावजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे कागदावर जमीन वाढवून दाखवलेली त्यांना खपत नाही. दिवाणखान्यातल्या भिंतीवर त्यांनी उत्तर युरोप चिकटवला आणि हातातल्या पट्टीने स्वीडनला डिवचत म्हणाले, "वहिनी, हा सगळा फुगवटा आहे. स्वीडन म्हणजे प्रत्यक्षात दीड महाराष्ट्र. आपण सांगलीहून भंडाऱ्याला लग्नाला गेलोच होतो की नाही?"

गेलो होतो. त्या प्रवासानंतर जाऊबाई आणि भावजी किती काळ एकमेकांशी बोलत नव्हते, हा तपशील त्यांनी गाळला.

त्याचं असं झालं, की भावजींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, स्वीडनमध्ये योटेबोरीला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पुण्याहून तिकडे गेलेल्या इंजिनिअरांची तिथे आता बऱ्यापैकी वस्ती आहे. त्याने सहज म्हणून विचारलं, "उन्हाळ्यात या ना सगळे, गाडी आहेच." हे वाक्य त्याने एका आठवड्यासाठी उच्चारलं असावं. भावजींनी ते डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे अशा चार देशांसाठी ऐकलं. कोपनहेगनला उतरायचं, पूल ओलांडून स्वीडन, तिथून रात्रीच्या बोटीने फिनलंड, मग सरळ वर, अगदी वर, नॉर्वेच्या टोकाला नोर्डकॅपला, आणि समुद्राच्या कडेकडेने खाली. नकाशावर त्यांनी लाल पेन्सिलने हा फेरा काढला तेव्हा तो एका हाताच्या वितीत बसला.

मर्केटरने देश फुगवले असतील, पण नॉर्वेची लांबी खरीच निघाली. त्या देशाच्या दक्षिण टोकाला लिंडेसनेसचं दीपगृह आहे आणि तिथे एक पाटी आहे: नोर्डकॅप, २५१८ किलोमीटर. सांगलीहून निघावं, दिल्ली मागे टाकावी, चालतच राहावं, आणि तरी नॉर्वे संपू नये. भावजी पाटीने खचले नाहीत. त्यांनी अंतराला शंभराने भागलं. पुतण्याने फोनवरून कळवलं की गावाबाहेर साधारण ऐंशीची वेगमर्यादा असते आणि तिकडे ती पाळतात. भावजींनी ऐंशीने भागलं. मग त्यात घाटाची वळणं आली. एकट्या ट्रोलस्टिगेन नावाच्या घाटात अकरा हेअरपिन वळणं आहेत. मग फेरीबोटी आल्या, कारण तिकडे राष्ट्रीय महामार्ग चालता चालता समुद्रात जातो आणि पलीकडच्या काठाला पुन्हा उगवतो. मधे बोटीसाठी रांगेत थांबायचं. शेवटी भागाकार सोडून भावजी चहा प्यायला लागले.

पण खरी अडचण अंतराची नव्हती, ती अंधाराची होती.

मराठी माणसाचं प्रवासाचं सारं शास्त्र एका सूत्रावर उभं आहे: अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. माझे सासरे याच सूत्रावर जगले. दुपारी साडेतीनला महाबळेश्वरचा सूर्यास्त बघायला थांबू या म्हटलं, तरी ते अंधार पडायच्या आत वाईला पोचायचं म्हणून गाडी काढायचे. त्यामुळे आमच्या घरात महाबळेश्वरचा सूर्यास्त कुणीही पाहिलेला नाही. पहाटे चारला उठणं, डबे रात्रीच भरणं, चहाला फक्त एकदा थांबणं, हे सगळं त्या एका भीतीच्या पोटी. आणि नोर्डकॅपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही.

हे कळल्यावर भावजी आधी हरखले. "म्हणजे चोवीस तास गाडी हाकता येईल!" त्यांनी संगणकावर तक्ता केला. त्यात रात्रीचा रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तेच तक्त्यासमोर गालाला हात लावून बसलेले दिसले. अंधारच पडणार नसेल तर निघायचं कशाच्या आत? थांबायचं कधी? जेवायचं कधी? 'ऊन व्हायच्या आत' निघावं म्हटलं तर ऊन रात्री दोन वाजताही आहे. त्या सगळ्या वाटेवर भावजींना घाई करायला एकही कारण सापडेना, आणि घाईशिवाय प्रवास कसा करतात हे आमच्या घरात कुणाला शिकवलेलंच नाही. माझ्या नवऱ्याने एवढंच विचारलं, की तिथे रात्री दहाला झोपायची सोय आहे ना. तो बँकेत होता. बाहेर सूर्य असो की वीज गेलेली असो, दहा म्हणजे दहा.

सासूबाईंचा प्रश्न याहून खोल होता. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि त्यांची संकष्टी कधी चुकलेली नाही. "चंद्र दिसतो ना तिथे?" त्यांनी विचारलं. भावजींना वाटलं, हे सोपं आहे. त्यांनी चंद्रोदयाच्या वेळा काढायला घेतल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. उन्हाळ्यात सूर्य ज्या बाजूला उंच जातो, त्याच्या बरोबर समोर पौर्णिमेचा चंद्र असतो, म्हणजे तो तेवढाच खाली. जूनमधल्या पौर्णिमेच्या सुमारास तिकडे पार उत्तरेला चंद्र बहुधा क्षितिजावर डोकंच काढत नाही. चतुर्थीपर्यंत थोडाफार वर आला तर आला, डोंगराआड राहिला तर राहिला.

"म्हणजे सूर्य मावळत नाही आणि चंद्र उगवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग तिथले लोक उपास सोडतात कधी?"

गुरुजींना फोन लावला. गुरुजी व्यवहारी निघाले. जिथे पंचांगच चालत नाही तिथे घरची वेळ धरावी, म्हणाले. सांगलीत रात्री दहाच्या सुमाराला चंद्रोदय असेल तर तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात; तेव्हा मोदक खाऊन मोकळं व्हायचं. एवढी सोयीची संकष्टी आजवर कुणी केली नसेल. सासूबाईंनी त्या क्षणापासून नॉर्वेला आपलं मानलं.

मोदकावरून गाडी तुपावर आली. जाऊबाईंच्या यादीत पहिली ओळ 'साजूक तूप, दोन किलो' आणि दुसरी 'भडंग, जास्त' अशी आहे. भारतातून दूध किंवा दुधाचे पदार्थ घेऊन युरोपात शिरता येत नाही, हे पुतण्याने त्यांना तीनतीनदा सांगितलं. "तूप म्हणजे दूध नव्हे," जाऊबाई म्हणाल्या, "तूप म्हणजे तूप." या युक्तिवादाला सीमाशुल्क अधिकारी काय उत्तर देतो ते ऐकायची मला उत्सुकता आहे, मात्र जरा लांब उभं राहून. बाहेर हॉटेलात जेवायचं तर पाच जणांच्या साध्या जेवणाचे क्रोनर रुपयांत केल्यावर नवरा गप्प होतो; त्यात डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांचे क्रोनर एकाच नावाचे पण तीन वेगळ्या किमतीचे, आणि फिनलंडचा युरो. १८७५ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत या तिन्ही देशांची नाणी एकमेकांकडे सारख्याच किमतीने चालायची. तेव्हाच जायला हवं होतं, असं नवऱ्याचं मत आहे.

म्हणून स्वयंपाकघर असलेल्या लाकडी झोपड्या घ्यायच्या आणि कुकर न्यायचा असं ठरलं. त्यातच भावजींना कुठेसं सापडलं की स्वीडन-नॉर्वेत कुणाच्याही मोकळ्या रानात तंबू टाकून रात्र काढायचा हक्क सगळ्यांना आहे. नॉर्वेत तर १९५७ पासून तसा कायदाच आहे. अट एवढीच, की वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं. रानातली बोरंही तोडून खाता येतात. "दुसऱ्याच्या रानातली? विचारल्याशिवाय?" जाऊबाईंचा विश्वास बसेना, त्यांच्या माहेरी बांधावरच्या आंब्यावरून दोन पिढ्या कोर्टात आहेत. भावजींनी मोजमापाची टेप सामानात टाकली. सासूबाईंनी तंबूचा विषय एका शब्दात संपवला. तो शब्द 'गुडघे' हा होता.

गाडी कोण चालवणार, यावर खूप वेळ गेला आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. तिकडे वाहनं उजव्या बाजूने जातात. स्वीडनही १९६७ पर्यंत आपल्यासारखंच डावीकडून चालत होतं. १९५५ साली सरकारने लोकांना विचारलं तेव्हा बहुसंख्यांनी 'आम्हाला डावीच बरी' असं सांगितलं होतं. सरकारने ते ऐकून घेतलं आणि बारा वर्षांनी ३ सप्टेंबरच्या पहाटे पाच वाजता साऱ्या देशाला उजवीकडे नेलं. "एका अख्ख्या देशाला एका पहाटेत जमलं," भावजी म्हणाले, "मला जमणार नाही?" आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी आरटीओत जायच्या आधी सराव कुठे करावा, असा त्यांना प्रश्न पडला होता. मी म्हटलं, सांगली-मिरज रस्त्यावर उजवीकडून येणारे रोज भेटतात, त्यांपैकी कुणाची तरी शिकवणी लावा.

फिनलंडचा मामला निराळा. तिथे भरधाव गाडी हाकली तर दंड चालकाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात होतो. २००२ साली नोकियाच्या एका संचालकाला पन्नासच्या हद्दीत पंचाहत्तरने मोटारसायकल चालवल्याबद्दल एक लाख सोळा हजार युरो दंड झाला होता. हे वाचल्यावर नवऱ्याने आपल्या पेन्शनचं पासबुक काढलं, भावजींनी त्यांचं, पुतण्याचा पगार आम्ही अंदाजाने धरला, आणि मग सगळ्यांची नजर हळूहळू माझ्याकडे वळली. घरात सगळ्यांत कमी उत्पन्न माझं. दिवाळी अंकांचं मानधन, तेही जे देतात त्यांचं. फिनलंडमध्ये गाडी मी चालवायची, असं एकमताने ठरलं. मराठी लेखनाचा एवढा रोखीचा फायदा मला पहिल्यांदाच दिसला.

जाऊबाईंना बोगद्यांची धास्ती आहे. एक्स्प्रेस वेवर बोगदा आला की त्या डोळे मिटून रामरक्षा सुरू करतात आणि 'चरितं रघुनाथस्य'च्या पुढे जायच्या आत उजेड येतो. नॉर्वेत लॅर्डालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा आहे. २००० साली तो खुला झाला आणि मोटारींच्या बोगद्यांत जगात त्याच्याइतका लांब दुसरा नाही. चालकांना कंटाळा येऊन डुलकी लागू नये म्हणून आत मधे मधे तीन मोठ्या गुहा खोदून त्यांत निळे दिवे लावले आहेत. ऐंशीच्या वेगाने अठरा-एकोणीस मिनिटं. भावजींनी हिशेब मांडला: रामरक्षा दोनदा, आणि उरलेल्या वेळात भीमरूपी. जाऊबाई म्हणाल्या, निळे दिवे लावण्यापेक्षा बोगदा लहान करायचा होता. नोर्डकॅपच्या वाटेवरचा बोगदा तर समुद्राच्या तळाखालून, दोनशे बारा मीटर खोल जातो. तो त्यांना अजून सांगितलेला नाही. कोपनहेगनहून स्वीडनला जाणारा ओरेसुंडचा रस्ताही काही पाण्याखालून आणि काही पुलावरून आहे, तेही नाही.

आणि ज्या टोकासाठी हा खटाटोप, ते टोकही पुरतं टोक नाही. नोर्डकॅपच्या शेजारी त्याच बेटाची एक ठेंगणी सोंड समुद्रात दीडेक किलोमीटर जास्त उत्तरेला गेली आहे. तिथे रस्ता नाही, जाऊन येऊन अठराएक किलोमीटर चालावं लागतं, म्हणून जग सोयीस्करपणे उंच कड्यावर थांबतं, फोटो काढतं आणि घरी जाऊन टोक पाहिलं म्हणून सांगतं. मला हे फार आवडलं. १९०७ साली सयामचा राजा चुलालाँगकोर्नसुद्धा इथवर येऊन खडकावर आपली खूण कोरून गेला. "आपल्या किल्ल्यांवर कोरणाऱ्यांना मग उगाच बोलतो आपण," सासूबाई म्हणाल्या.

पुतण्या हे सगळं फोनवरून ऐकत होता. तो तिकडे गेल्यापासून फार शांत झालाय. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, जूनमधल्या मिडसमरच्या शुक्रवारी सगळा स्वीडन फुलांच्या खांबाभोवती नाचायला गावाकडे जातो, तेव्हा दुकानांच्या भरवशावर राहू नका. दोन, जुलैत तर देशच सुट्टीवर असतो. कारखाने बंद, कचेऱ्यांत एखादा माणूस. भावजींना हे पटलंच नाही. सगळा देश एकदम सुट्टीवर गेला तर त्यांची कामं कोण अडवतं?

ती अडवायला व्हिसा होताच. चारही देश शेंगेनमधले, त्यामुळे व्हिसा एकच. पण तो मागायचा त्या देशाकडे, जिथे तुमचा मुक्काम सगळ्यांत जास्त. इथे घरात फूट पडली. सासूबाई नॉर्वेच्या बाजूने, संकष्टीमुळे. जाऊबाई स्वीडनच्या, मुलगा आणि स्वयंपाकघर तिथे म्हणून. मी फिनलंडच्या, कारण तिथे माझ्या गरिबीला किंमत होती. स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणाऱ्या बोटीवरची रात्र कुणाच्या खात्यात धरायची यावर भावजी आणि नवरा अर्धा दिवस भांडले. पलीकडे घड्याळ एक तास पुढे असल्यामुळे तो तास कुणाचा, हाही मुद्दा निघाला. शेवटी व्हिसाचं काम करणाऱ्या एजंटचा फोन आला. "मॅडम, बाकीच्यांच्या तारखा नाहीत. डेन्मार्कची मिळतेय. डेन्मार्क मेन टाका."

"कागदावर टाकू," भावजी म्हणाले.

"कागदावर लिहिलं तर तेवढे दिवस राहायलाच हवं," नवरा म्हणाला. चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. त्याने लाल पेन्सिल घेतली आणि रात्री इकडच्या तिकडे करायला सुरुवात केली. फिनलंड गेलं. नॉर्वेची लोफोटेन बेटं गेली. नोर्डकॅपवर प्रश्नचिन्ह आलं. डेन्मार्कमध्ये एकामागोमाग मुक्काम भरत गेले. आता तिथे एवढे दिवस करायचं काय, म्हणून भावजींनी निदान तिथलं सर्वांत उंच शिखर तरी शोधलं. मोलेहॉय नावाचं आहे. उंची एकशे एकाहत्तर मीटर.

"आणि सांगली?" सासूबाईंनी विचारलं.

"साडेपाचशेच्या आसपास."

"म्हणजे मी इथे अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्यापेक्षा तिप्पट वर आहे," त्या म्हणाल्या. "मग चला की. उतरायचंच आहे, तेवढं गुडघ्यांना झेपेल."