एअर फ्रायरधारकांसाठी जाहीर सूचना

तमाम एअर फ्रायरधारकांस कळविण्यात येते की, आपण घरी आणलेले यंत्र तळत नाही. ते फुंकते. वर तापणारी कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा आणि खाली भोकांची टोपली, एवढाच त्याचा संसार. खोक्यावर सोनेरी चिकनच्या तंगड्यांचे कितीही मोहक चित्र असो, आत आहे ती एक आखूड, आवाज करणारी भट्टी. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी पुढची कलमे न वाचता कढई चढवावी. तोही सन्मान्य मार्ग आहे.

ज्यांना मान्य आहे त्यांनी आधी यंत्राचे कूळ जाणून घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाची विमाने लांबलांबचे पल्ले मारत आणि आतल्या जवानांना वाटेत थंडगार सँडविच चावत बसावे लागे. विल्यम मॅक्सन नावाच्या संशोधकाने त्यावर तोड काढली. जेवण आधीच शिजवून ताटासकट गोठवायचे आणि विमानात पंखा बसवलेल्या छोट्या भट्टीत गरम करायचे. भट्टीचे नाव ‘व्हर्लविंड’. १९४५च्या सुमारास ही ताटे आकाशात फिरू लागली, पुढे पॅन अ‍ॅम या विमान कंपनीच्या प्रवाशांपुढेही आली. मॅक्सनला ती घरोघरी पोचवायची होती, पण १९४७मध्ये तो वारला आणि बेत तिथेच राहिला. २०१०मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने एअर फ्रायर मांडला. त्यामागची कल्पना फ्रेड व्हॅन डर वेय या डच गृहस्थाची, आणि त्यांचा ध्यास एकच: तेलाच्या कढईशिवाय कुरकुरीत फ्राइज. तेव्हा आजोळ गोठवलेल्या ताटांचे आणि माहेर फ्राइजचे, अशा या यंत्राकडून जो पहिल्याच दिवशी भरली वांगी मागतो, तो त्याच्या कुळाचारात ढवळाढवळ करतो.

आता जरा नाजूक कलम. ‘आमच्याकडे आता एक थेंबही तेल लागत नाही’ हे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारण्यापूर्वी यंत्रधारकाने फ्राइजचे पाकीट भिंतीकडे पाठ करून ठेवावे. पाकिटामागच्या घटकांच्या यादीत बटाट्याच्या पाठोपाठ बहुधा तेलाचेच नाव असते. कारखान्यात बटाटा कापतात, गरम पाण्यातून काढतात, वाळवतात, तेलात थोडा वेळ तळतात आणि मग गोठवतात. ही युक्ती आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉटच्या कंपनीतल्या रे डनलॅप या रसायनतज्ज्ञाने १९४०च्या दशकात बसवली. १९६७मध्ये सिम्प्लॉट आणि मॅकडोनल्ड्सचे रे क्रॉक यांनी नुसत्या हस्तांदोलनावर व्यवहार ठरवला आणि गोठलेला फ्राय जगभर निघाला. आपल्याकडे मॅकेन कंपनीचा कारखाना गुजरातेत मेहसाण्याला आहे. म्हणजे तेल मेहसाण्यात लागले, पुण्य मात्र डोंबिवलीत जमा झाले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की पाकिटातल्या फ्राइजवर, टिक्कीवर, समोशावर वरून तेल फवारण्याची गरज नसते. दबावाच्या डब्यातून येणारा तेलाचा फवारा तर टोपलीवर मुळीच मारू नये. त्यातल्या इतर द्रव्यांचा चिकट थर नॉनस्टिक लेपावर बसतो आणि घासून निघत नाही. लेप मात्र निघतो.

पाकीट निवडताना नारळ निवडावा तसे ते कानाशी धरून हलवावे. आत सुटे तुकडे खडखडले तर घ्यावे. आवाज न येता एकच ढेकूळ हलले, तर ते पाकीट वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे. टेम्पो उन्हात उभा राहिला असेल, नाहीतर दुकानदाराने रात्री फ्रीजरचे बटण बंद करून वीजबिल वाचवले असेल. कारखान्यात प्रत्येक तुकडा सुटा आणि झटपट गोठवलेला असतो आणि उणे १८ अंशांवर तो तसाच राहतो. झटपट का, याचे उत्तर क्लॅरेन्स बर्ड्‌झाय या अमेरिकन माणसाने शंभर वर्षांपूर्वी लॅब्राडोरच्या बर्फात पाहिले. तिथले इन्युइट लोक उघड्या हवेत मासा टाकत, तो क्षणात दगड होई आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. थंडी जितकी झपाट्याने शिरेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात आणि पेशी फाटत नाहीत. घरच्या फ्रीजरमध्ये हेच काम रेंगाळत चालते, कण मोठे होतात, आणि म्हणून घरी गोठवलेला फ्लॉवर नंतर लगदा होतो. त्यात फ्लॉवरची चूक नाही.

पाकीट घरी आले की यंत्रधारकाच्या मनात दयाबुद्धी जागी होते. ‘इतके गार कसे टाकायचे? थोडा वेळ ओट्यावर ठेवू.’ ही दया घातक आहे. वितळलेल्या फ्राइजवर पाणी सुटते, ते मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात आणि टोपलीत गेल्यावर तळले न जाता शिजतात. फ्रीजरमधून काढले की थेट गरम टोपलीत. यंत्र आधी तीन-चार मिनिटे रिकामे तापवून घ्यावे. रिकामे म्हणजे खरोखर रिकामे. आत बटर पेपर अंथरून तापवायला ठेवला तर तो वाऱ्याने उडतो, कॉइलला चिकटतो आणि पेटतो. मग साऱ्या मजल्याला कळते की आज अमुक यांच्याकडे आरोग्यदायी खाणे चालले आहे.

यानंतर गाभ्याचे कलम येते. त्याचे उल्लंघन सर्वात जास्त होते, म्हणून इथे विस्तार केला आहे.

गोठलेल्या पदार्थाचा शत्रू एकच, पाणी. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात आणि त्याच पाण्याची वाफ करायला ५४०. (या भौतिकशास्त्राच्या कॅलरी आहेत, आहारतज्ज्ञांची एक कॅलरी म्हणजे अशा हजार.) पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून बसते, मग पडद्यावर २०० लिहिलेले असले तरी. फ्राइजवर येणारी खमंग तांबूस छटा, जिचे रसायन लुई-कामी मायार या फ्रेंच माणसाने १९१२मध्ये मांडले, ती साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. म्हणजे यंत्रधारकाचे सारे कर्तव्य पाणी लवकर घालवणे एवढेच आहे, आणि पंख्याची नेमणूकही त्याच कामावर झाली आहे.

पण वारा फिरायला वाट हवी. टोपली चार लिटरची आहे म्हणून तिच्यात चार लिटर फ्राइज ओतायचे नसतात. लिटर हे दुकानदाराचे माप आहे. खाणाऱ्याचे माप म्हणजे टोपलीचा तळ. एक थर, फार तर दीड. तरीही दर रविवारी कोणीतरी ‘एकदाच होऊन जाऊ दे’ म्हणत अख्खे पाकीट उपडे करतो. वरचे फ्राइज काड्या होतात, मधले सादळतात, तळाचे वाफेत आंघोळ करतात आणि सगळ्यांवर मिळून ठपका येतो तो यंत्राच्या कंपनीवर. पाच-सहा मिनिटांनी टोपली बाहेर ओढून खसाखस हलवावी. टोपली काढली की बहुतेक यंत्रे आपोआप थांबतात आणि परत सरकवली की चालू होतात, त्यामुळे चोरून डोकावण्यात धोका नाही. कढईत वाकून पाहणाऱ्यांच्या घराण्यातल्या माणसांना हे सुख पुरेपूर घ्यायला हवे.

वेळेचे म्हणाल तर फ्राइजना २०० अंशांवर १२ ते १६ मिनिटे, समोशांना १८० अंशांवर साधारण तेवढीच. पाकिटावर मोठ्या ओव्हनचे आकडे असतील तर तापमान २० अंशांनी उतरवावे आणि वेळ पाचव्या हिश्शाने. न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानातून आणलेल्या पाकिटावर ४०० लिहिलेले पाहून घाबरू नये. ते फॅरनहाइट आहे, म्हणजे आपले २०४. रंग सोनेरी आला की थांबावे. काळपट चॉकलेटीपर्यंत नेण्यात शौर्य नाही: पिठूळ पदार्थ १२० अंशांपुढे भाजताना-तळताना त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचे नकोसे रसायन तयार होते, हे २००२मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे आणि रंग गडद होत जातो तसे तेही वाढते. चिकनच्या बाबतीत मात्र रंगावर जाऊ नये. काही नगेट्स आधी शिजवलेले असतात, काही कच्चे. ते पाकीट सांगते. कच्च्यांच्या पोटात ७४ अंश पोचले पाहिजेत.

इथवर वाचून एखाद्या आजी म्हणतील की अर्धे करून ठेवायचे आणि आयत्या वेळी तळायचे यात नवल ते काय? नवल नाहीच. अळूवडीचे उंडे उकडून ठेवायचे आणि पंगत बसल्यावर कापून तळायचे. कोथिंबीर वडीची थाळी सकाळी वाफवायची आणि संध्याकाळी तिच्या वड्या तेलात सोडायच्या. सिम्प्लॉटचा कारखाना जे करतो ते कोकणातला ओटा फ्रीजरशिवाय करत आला आहे. म्हणून मराठी घरात या यंत्राची खरी सोयरीक जुळते ती वड्यांशी. वडीत पाणी कमी, बेसन वाफेने आधीच घट्ट झालेले, कडा धारदार.

विहित पद्धत अशी: उंडे उकडून पूर्ण गार करावेत, वड्या कापाव्यात आणि ताटात सुट्या पसरून ताट फ्रीजरमध्ये सरकवावे. दगड झाल्या की मगच डब्यात भरावे. नाहीतर सगळ्यांची मिळून एकच महावडी होते. अख्खा उंडाच गोठवला असेल तर तो अर्धवट सुटला की कापावा. पूर्ण गोठलेल्याला सुरी दाद देत नाही आणि पूर्ण सुटला की पापुद्रे वेगळे होतात. आणि इथे तेलाचा नियम उलटा होतो. या वड्यांना मेहसाण्याचा आशीर्वाद मिळालेला नसतो, म्हणून दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावलेच पाहिजे. बिनतेलाची वडी कोरडी, पिठूळ निघते. ती खाऊन ‘छान झालीय’ म्हणणारा नवरा खोटे बोलत असतो. १८० अंश, १२ मिनिटे, मध्ये एकदा उलटणे. कढईतली वडी याहून सरस लागते, हे या सूचनेचा लेखक नाकारत नाही. पण कढईतले उरलेले तेल पुढचे चार दिवस फोडणीला येते, ते इथे येत नाही.

निषिद्ध गोष्टी थोडक्यात. बेसनाच्या पातळ पिठात बुडवलेला घरचा कच्चा बटाटेवडा टोपलीत ठेवू नये; पीठ भोकांतून खाली उतरते आणि वर उरते ती भाजी. पाकिटातला बटाटेवडा चालतो, कारण तो तळूनच गोठवलेला असतो. गोठवलेले उकडीचे मोदक वाफेवरच, मोदकपात्रात. पुरणपोळी तव्यावर. मटारदाणे वाऱ्याने टणक होतात आणि गोळ्यांसारखे दातांखाली येतात. सुरमईची गोठलेली तुकडी मात्र फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण सुटू द्यावी, पाणी टिपावे आणि मगच रवा लावावा. बर्फावर रवा धरत नाही. त्या रव्यालाही तेलाचा हात हवा, नाहीतर तो पांढराच्या पांढरा ताटात येतो आणि मालवणची मंडळी उठून जातात.

विजेसंबंधी. दीड हजार वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर खेचते. भिंतीतला छोटा प्लग सहाचा असतो, तेव्हा मोठा प्लग शोधावा. तिथे बहुधा मायक्रोवेव्ह आधीच बसलेला असतो आणि घरगुती वाटाघाटी सुरू होतात. वीस मिनिटे सलग चालले तर फार तर अर्धे युनिट जळते. अमेरिकेतल्या भाच्याने बॅगेतून प्रेमाने आणलेले यंत्र मात्र १२० व्होल्टचे असते. पिन बदलणाऱ्या अ‍ॅडॉप्टरने व्होल्टेज बदलत नाही. आपल्या भिंतीत ते खोचले तर त्याच कॉइलमधून साडेतीनपटीहून जास्त शक्ती वाहू पाहते, आणि भाचा विमानतळावर पोचायच्या आत यंत्र निवृत्त होते. तिकडे, भाच्याच्या अपार्टमेंटमध्ये, अशा यंत्राला फार मान असतो. कारण तिथे कढईत तळण काढले की छतावरचा धुराचा भोंगा कोकलू लागतो.

शेवटचे कलम वाढण्यासंबंधी. घाणा निघाला की टोपली ड्रॉवरसकट ताटात उलटी करू नये. खाली साठलेले तेल त्याच फ्राइजवर ओतले जाते. चिमट्याने काढावे. झाकणाच्या कॅसरोलमध्ये ठेवू नये. आपलीच वाफ पिऊन फ्राइज पाच मिनिटांत मान टाकतात. पाहुणे सहा असतील तर तीन घाणे लागतील हे आधीच हिशेबात धरावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या घाण्याला यंत्र तापलेले असते, म्हणून दोन मिनिटे कमी लावावीत. पहिल्या घाण्याचा मान वयाने ज्येष्ठ असलेल्यांचा, दुसऱ्याचा मुलांचा. तिसरा यंत्रधारकाचा, आणि तो ओट्याशी उभा राहून खाल्लेला चालतो. फक्त तोवर पाकिटात पंचवीसेक फ्राइज शिल्लक आहेत ना, एवढे दुसरा घाणा लावण्यापूर्वी मोजून घ्यावे.