फाइल कुठल्या गावची?

भाऊ फाइल लगेच बघत नाहीत. मोबाइल पुढे करणाऱ्याला ते आधी ओट्यावर बसवतात, आत आवाज देऊन पाणी मागवतात आणि मग विचारतात, "फाइल कुठल्या गावची?"

पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळतो. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली. तिला गाव कुठलं? पण भाऊंचा प्रश्न आमच्या भागाच्या रीतीला धरूनच आहे. आसनगाव स्टेशनात उतरून रिक्षात बसलेल्या अनोळखी माणसाला शहापूर येईपर्यंत गाव, भावकी आणि मामाचं घर सांगून मोकळं व्हावं लागतं. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तिकडे हीच चौकशी कल्याणहून सुटलेल्या एसटीत होते आणि प्रवास लांबचा असल्यामुळे सविस्तर होते. माणसाचा उलगडा कुळावरून होतो, तर फाइलीचा का होऊ नये, एवढंच भाऊंचं म्हणणं.

असे भाऊ किन्हवलीला आहेत, डोळखांबला आहेत, सरळगावला, धसईला, टोकावड्यालाही आहेत. नावं निराळी, नग एकच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट, तेही कोर्स नवाकोरा असतानाचं, लॅमिनेशन करून देवघराशेजारी टांगलेलं. गाडीच्या किल्लीला दोन पेनड्राइव्ह. खिशात ओटीजी केबल. घरात विंडोज सेव्हनचा लॅपटॉप. त्याची बॅटरी केव्हाच गेल्यामुळे तो वीज असेल तेव्हाच चालतो आणि वीज असते तेव्हा भाऊ शेतावर असतात. झेरॉक्सवाला आणि सेतूवाला दुकान मांडून बसतात. भाऊंचं दुकान नाही. पैसे विचारले तर ते रागावतात आणि चहाला न थांबता निघालात तर त्याहून जास्त रागावतात.

त्यांच्या ओट्यावर सगळ्यात जास्त येते ती सीडीआर. लग्नपत्रिका, वाढदिवसाचा बॅनर, हरिनाम सप्ताहाचं पत्रक, टेनिस क्रिकेटच्या सामन्यांचं पोस्टर, सगळं आमच्याकडे कोरलड्रॉमध्ये होतं. कॅनडातल्या कोरेल कंपनीने हे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये बाजारात आणलं. त्याच्या फाइलीत काय कुठे मांडून ठेवलंय ते कंपनीने आपल्यापाशीच ठेवलं, म्हणून ती नीट उघडते ती कोरलमध्येच. दुसऱ्या कुणी खटपट करून उघडलीच तर गणपती एकीकडे आणि त्याचा उंदीर भलतीकडे निघतो. मोबाइलवर तर ती नुसती येऊन पडते, जागा अडवते आणि तोंड दाखवत नाही. शहापूरच्या माणसाला हे समजावायला भाऊंना वेळ लागत नाही. भातसा इथे, तानसा इथे, पाणी मुंबईला आणि आमच्या पाड्यांवर टँकर. "धरण उशाला, कोरड घशाला," भाऊ म्हणतात, "तशी तुझी फाइल." समोरचा मान डोलावतो.

पण तेवढ्यावर थांबतील तर ते भाऊ कसले! "कोरल बारा का तेरा?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. कारण कोरलमध्येही थोरली पाती आणि धाकटी पाती आहे. बारावं २००४ चं. एक्स-थ्री म्हणजे तेरावं, ते २००६ चं. धाकट्याला थोरल्याची फाइल उघडता येते. थोरल्याला धाकट्याची उघडत नाही. आमच्याकडच्या प्रेसमध्ये जुनं मशीन चालतंय तोवर नवं घ्यायचं नाही हा नियम असल्यामुळे बरीचशी मंडळी थोरल्या पातीतलीच. मग भाऊ कल्याणच्या डिझायनरला फोन लावतात आणि मधला डोंगर ओलांडून आवाज थेट जावा अशा बेताने ओरडतात, "सेव्ह अ‍ॅजमध्ये जा! व्हर्जन खाली उतरव! अजून खाली! अजून!" ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी झाडावर चढून अडकलंय.

त्यांचा पुतण्या कल्याणला इंजिनिअरिंगला आहे. कुठलीही फाइल उघडून देतो म्हणणारं अ‍ॅप त्याने एकदा मोबाइलवर घेतलं. त्या अ‍ॅपने गृहकर्जाची जाहिरात उघडली, मग रमीची उघडली, मग मोबाइल साफ करणारं दुसरं अ‍ॅप उघडलं. फाइल तेवढी राहिली. तेव्हापासून भाऊंना इंजिनिअरिंगची काळजी वाटते.

भाऊंचा स्वतःचा हातखंडा म्हणजे फाइलीचं नाव बदलणं. शेवटचं सीडीआर खोडायचं आणि जेपीजी लिहायचं. आडनाव बदलून कूळ बदलत नाही हे सोयरीक जमवताना ठणकावून सांगणारे भाऊ इथे मात्र आशावादी होतात. फाइल अर्थातच दाद देत नाही. पण एकदा त्यांनी चिडून जेपीजीऐवजी झिप लिहिलं आणि ती चक्क उघडली! २००८ च्या एक्स-फोरपासून सीडीआर ही आतून झिपचंच गाठोडं असते आणि त्यात पत्रिकेचं एक छोटं चित्र बांधलेलं असतं. ते चित्र तिकिटाएवढं होतं. गणपती ओळखू आला. नवरा कोण आणि नवरी कोण ते नाही. पण भाऊंनी सीडीआर मोबाइलवर उघडली ही बातमी म्हशाच्या जत्रेपर्यंत गेली आणि बैल बघायला आलेल्या लोकांनी भाऊंनाही बघून घेतलं.

फाइल उघडूनही वाचता येत नाही, असाही एक वर्ग आहे. ग्रामपंचायतीचा जुना ठराव, पतपेढीचा अहवाल, कुठल्याशा मंडळाचं निवेदन. उघडावं तर मराठीचा पत्ता नाही; डोक्यावर टिंबं-टोप्या घेतलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच कंस. लोकांना वाटतं व्हायरस आला. भाऊ चष्मा वर करून एक नजर टाकतात आणि घराणं सांगतात: "श्रीलिपी." पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. किंवा, "ही सीडॅकची, आयएसएममधली." या जुन्या फॉन्टांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवली होती. फॉन्ट असेपर्यंत मराठी; फॉन्ट नसला की घरमालक परत राहायला येतो. देवनागरीला स्वतःची हक्काची जागा युनिकोडने १९९१ मध्येच दिली, पण ती बातमी आमच्या कपाटांत अजून पोचते आहे. भाऊंच्या पेनड्राइव्हमध्ये अशा फॉन्टांचं एक फोल्डर आहे आणि ते फोल्डर ते सुनेलाही दाखवत नाहीत.

म्हातारी माणसं घेऊन येतात ती आधारची पीडीएफ. तिला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटल, आणि पुढे जन्माचं साल. ऐकायला सोपं. पण नाव आधारवर जसं चुकलंय तसंच चुकवून लिहावं लागतं आणि साल नोंदवणाऱ्याने अंदाजाने टाकलेलं असतं. "बाबा, जन्म कधीचा?" "गांधीबाबा गेले तवा मी रांगत व्हतो." भाऊ १९४८ वरून मागे सरकत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या सालाला बाबा उघडतात. उघडल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. त्या संगणकाने ती सही अजून पडताळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाबा मात्र हबकतात. आयुष्यभर शेत कसलं, पोरं वाढवली, आणि सरकारला अजून शंका आहेच!

आयफोन घेतलेली पोरं भाऊंना विशेष आवडतात. फॉर्मला फोटो जोडायचा असतो, साइट जेपीजी मागते आणि पोराचा फोटो असतो एचईआयसी. अ‍ॅपलने २०१७ पासून, आयओएस ११ आल्यावर, फोटो या जातीत ठेवायला सुरुवात केली. जागा कमी लागते, पण सगळीकडे चालत नाही. "एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती," असं म्हणत भाऊ सेटिंगमध्ये जातात, कॅमेऱ्याचा फॉरमॅट बदलून देतात आणि पोराकडून स्वतःचा एक फोटो काढून घेतात. जेपीजीमध्ये.

भाऊंची खरी कसोटी लागते लग्नसराईत. आमच्याकडची पत्रिका म्हणजे नुसतं आमंत्रण नव्हे. निमंत्रक, आपले नम्र, कार्यवाहक, व्यवस्थापक मंडळ आणि शेवटी किलबिल, म्हणजे काकाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव सुटलं तर पुढची पिढी बोलत नाही. त्यामुळे छापायच्या आधी प्रूफ बघावंच लागतं. किन्हवलीकडच्या एका घराला मुरबाडच्या प्रेसने रात्री प्रूफ पाठवलं ते सीडीआर. सगळी भावकी ओट्यावर. "भाऊ, उघरत नाय."

भाऊंनी फोन लावला. "आधी कर्व्ह कर, मग पीडीएफ कर!" कर्व्ह केलं की अक्षरांच्या नुसत्या आकृत्या होतात, मग फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. आणि पीडीएफ अडोबीने १९९३ मध्ये काढली खरी, पण २००८ पासून तिचा खुला जागतिक प्रमाणग्रंथ आहे, म्हणून ती कुणाच्याही घरात उघडते. ऑपरेटर म्हणाला, पीडीएफ करायला घेतली की मशीन अडकतं. भाऊंनी गाडी काढली आणि सरळगाववरून मुरबाड गाठलं. प्रेसमध्ये तीच फाइल क्षणात उघडली. भाऊंना नवल वाटलं नाही. तिचं गावच ते.

त्यांनी नावं वाचली. मग परत वाचली. कार्यवाहकांच्या ओळीवर थांबले. "इथं जागा रिकामी दिसते रे." ऑपरेटर बरीच लग्नं पाहिलेला, त्याने न विचारता भाऊंचं नाव टाकलं.

सकाळी जेपीजी सगळ्यांना गेली. सगळ्यांची उघडली. फक्त धसईच्या मामाचा निरोप आला, फाइल उघरत नाय. पुतण्या म्हणाला, "परत पाठवतो. पीडीएफ करून."

"निळ्या टिका बघ," भाऊ म्हणाले. "फाइल उघडलीय. मामा उघडायचाय." आणि नवरदेवाच्या बापाकडे वळून, "छापील पत्रिका येऊ दे. हळद-कुंकू, अक्षता घ्या आणि जोडीने धसईला जा. मामाच्या ओट्यावर बसून पत्रिका त्याच्या हातात द्या. आणि चहाला नाही म्हणू नका, नायतर क्रॅश होईल."