पाचाचं भोक, दोनाचं नाणं

धर्मादाय निधीसाठी नाणी गोळा करायचं घरगुती कार्ड म्हणजे नाण्यांच्या मापाची भोकं पाडलेला आणि मागून कागद डकवलेला पुठ्ठा. भोकात नाणं बसवायचं, वर चिकटपट्टी मारायची, पुठ्ठा भरला की संस्थेला द्यायचा. बंद डब्यात किती जमलं ते कुणाला दिसत नाही. कार्डावरची रिकामी भोकं मात्र चहाला आलेल्या पाहुण्यालाही चुकवता येत नाहीत. अमेरिकेत १९३८ साली पोलिओविरुद्ध सुरू झालेल्या 'मार्च ऑफ डाइम्स' मोहिमेतही पुढे अशी कार्डं फिरली.

पुठ्ठ्यासाठी लग्नपत्रिका कुचकामी, कारण नाणं दीड-दोन मिलिमीटर जाड असतं. चपलांच्या खोक्याचं झाकण उत्तम. साडीच्या खोक्याला हात लावू नये. त्यात साडी सोडून घरातली सगळी महत्त्वाची कागदपत्रं असतात.

खरी परीक्षा मापाची. २०११च्या मालिकेत दोनाचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि पाचाचं २३चं. २०१९च्या मालिकेत नेमकं उलटं, दोनाचं २३चं आणि पाचाचं २५चं. म्हणजे 'मानपाडा' म्हटल्यावर ठाण्याचा की डोंबिवलीचा हे जसं विचारावं लागतं, तसं नाण्यालाही साल विचारून भोक पाडावं लागतं. नाणं ठेवून पेन्सिलीनं गिरवावं आणि रेषेच्या आतून कापावं. कटर आईबाबांनी चालवायचा. मुलांनी स्केचपेननं वर 'मदत' लिहायचं आणि प्रकल्पाचं श्रेय घ्यायचं. पाचाची वीस नाणी बसली की शंभर रुपये होतात आणि वजन सव्वाशे ग्रॅमच्या पुढं जातं. असं कार्ड भिंतीवर टांगलं तर रात्री-अपरात्री दान जमिनीवर पडल्याचा आवाज येतो.

भरताना कळतं की डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर माणूस नोट सहज देईल, सुट्टे देणार नाही. ते शेअर रिक्षासाठी राखलेले असतात. अपवाद दहाच्या नाण्याचा. त्याचे सगळे, तेव्हाचे चौदाही नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८मध्ये बजावलं, तरी काही दुकानदार ते हातात घेईनात. अशी नाणी लोक मोठ्या मनानं दान करतात. कोपऱ्यात क्यूआर कोड चिकटवणारेही निघाले आहेत. मग भोकं कशाला पाडली, हा प्रश्न उरतोच.

हौसेला कायद्याची चौकटही आहे. नोंदणी नसलेल्या मंडळींनी वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१क आडवं येतं; गणेश मंडळांना ते तोंडपाठ असतं. म्हणून कार्ड एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावानंच करावं आणि तिची पावती घ्यावी.

शेवटचं काम संस्थेचं, नाणी बँकेत भरण्याचं. नाणी सोलून काढावीत, चिकटा कोमट साबणपाण्यानं घालवावा, एकाच किमतीच्या शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या कराव्यात. बँकेला नाणी नाकारता येत नाहीत. कॅशियरच्या चेहऱ्याबद्दल मात्र रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक नाही.