वीजबाईंना अनावृत पत्र

आदरणीय वीजबाई यांसी वाशिम जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण वर्षातून दोनदा न चुकता येता, त्याबद्दल आधी आभार. मृगाच्या आगेमागे पेरणीच्या घाईत एकदा आणि पाऊस परतीला निघाला की सोयाबीनच्या सोंगणीत दुसऱ्यांदा. रिसोड असो, मालेगाव असो की मानोरा, ज्या दिवसांत गावातलं झाडून सगळं माणूस वावरात असतं, नेमके तेच दिवस आपण निवडता. घरी कुणी भेटणार नाही हे ओळखून थेट वावरातच येण्याचं सौजन्य दाखवता.

आमचा मुलूखही देवाने आपल्याच सोयीचा घडवलेला दिसतो. इथलं काही पाणी काटेपूर्णेने तापीकडे जातं, काही पैनगंगेने गोदावरीकडे, आणि मधे हा उंच, उघडा माळ. नजर जाईल तिथवर हातभर उंचीचं पीक आणि धुऱ्यावर एखादी बाभूळ. आपल्याला उतरायला उंच जागा लागते. आम्ही ती राखून ठेवतो, आणि पाऊस आला की स्वतःही त्या बाभळीखाली जाऊन उभे राहतो.

ऑक्टोबरातली दुपार आपण वरून पाहतच असाल. सोयाबीन वाळून कडक झालंय, दोन दिवस उशीर झाला तर शेंगा वावरातच फुटतील. दहा-बारा बाया ओळीने वाकलेल्या आहेत. वावर ठेक्याने घेतलंय, सोंगलं तेवढेच पैसे. मावळतीला काळं भरून येतं, गडगडतं. एक जण मान वर करते. दुसरी म्हणते, "एवढी पात काढून घेऊ." पात निघेस्तोवर टपोरे थेंब सुरू होतात. मग सगळ्या जणी विळे घेऊन बाभळीखाली धावतात, अंगाला अंग लावून, डोक्यावर एकच मेणकापड धरून उभ्या राहतात. आपल्याला दहा ठिकाणी फिरायचा त्रास पडू नये म्हणून केवढी ही सोय!

मालकाची सोय तर याहून चांगली. आभाळ आलं की तो नेमका घरातून वावराकडे पळतो, कारण सोयाबीनची सुडी उघडी असते. ताडपत्रीची टोकं दगडाखाली दाबत तो उघड्या रानात सुडीवर चढलेला असतो. वर्षाची कमाई पायाखाली आणि आपण डोक्यावर.

लोक आपल्यावर अचानक येण्याचा आळ घेतात. मला तो मान्य नाही. आपल्याइतकी आगाऊ सूचना कोण देतं? चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं, तेवढे किलोमीटर आपण लांब. तीसच्या आत ऐकू आलं तर आपण दहा किलोमीटरच्या आत पोचलात, आता वावर सोडलंच पाहिजे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. याला शाळा लागत नाही, पैसा लागत नाही. ज्यांच्या खिशात फोन आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' ॲप काढलंय, ते आपल्या येण्याची वर्दी आधीच देतं. फोनमुळे वीज ओढली जाते असं समजून आमची माणसं आभाळ आलं की तोच बंद करतात. मोबाईल आपल्याला बोलावत नाही, हे आपणच एकदा सांगितलंत तर उपकार होतील.

जाण्यासारख्या जागांबाबतही आपण आम्हाला भ्रमात ठेवलंत, त्याचे वेगळे आभार. चार खांबांवरचं टिनाचं छप्पर, मांडव, बिनकेबिनचा ट्रॅक्टर, यातलं काहीच आपल्याला अडवत नाही. पक्की बंद खोली अडवते, काचा लावलेली जीप अडवते, एसटी अडवते. विहिरीवरची पक्की खोलीही चालते, पण मोटारीच्या स्टार्टरला नि पाइपाला पाठ लावून उभं राहिलं तर तिथेही आपली भेट होते.

बैलांवर आपली विशेष माया. आपण झाडावर उतरता आणि तिथून जमिनीत पसरता. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब, त्यामुळे एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायाने बाहेर पडायला आपल्याला सरळ वाट मिळते. म्हणून झाडाखाली बांधलेली जोडी जागीच बसते आणि अंगावर कधी कधी खरचटल्याची खूणही नसते. माणसाने उघड्यावर अडकलंच तर आडवं पडायचं नाही, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं आणि एकमेकांपासून लांब राहायचं, ते याचसाठी. बैलामागे सरकारी मदत ३२,००० रुपये. बाजारात जोडीला काय पडतं ते शेतकऱ्याला विचारा.

माणसामागे चार लाख. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा हवा, शवविच्छेदनाचा अहवाल हवा, आणि घरातल्या बाईला आधार, पासबुक कुठे ठेवलंय ते ठाऊक हवं. बहुतेक घरांत ते फक्त गेलेल्याला ठाऊक असतं. एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घालून ती जागा दोघांनी पाहून ठेवायला असा किती वेळ लागतो?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभर आपल्या हातून २,८८७ माणसं गेली. त्या वर्षी निसर्गाच्या कोपाने गेलेल्या दर तिघांत एकाहून जास्त आपल्या वाट्याची. पुराच्या बातम्या दिवसेंदिवस चालतात. आपण एकेकाला, दोघादोघांना नेता, म्हणून आतल्या पानावर चार ओळींत आपलं भागतं. प्रसिद्धीचा एवढा तिटकारा असलेलं दुसरं कुणी पाहिलं नाही.

आणि दोष? तो आम्ही आपल्याला कधी लागू दिला नाही. गेलेला माणूस पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, होता म्हणून वीज पडली, असं म्हणून आम्ही मोकळे होतो. मेलेल्याच्याच माथी दोष मारायची ही रीत आपल्याला फार सोयीची आहे. छत्तीसगडकडे तर वीज पडलेल्याला शेणाच्या खड्ड्यात पुरून ठेवल्याच्या बातम्या येतात. आपण हृदय थांबवता, आणि पुढचं काम लोक श्रद्धेने पुरं करतात. खरं तर वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा दाबत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. असं दाबून माणसं परत आलेली आहेत. आमच्या किती घरांत हे एकाला तरी येतं?

म्हणून बाई, यंदा आपल्याला थोडा त्रास द्यायचं ठरवलं आहे. आमच्या वावरात आता एकच जण आभाळाकडे पाहील, आणि तिने हाक दिली की मालकासकट कुणी उलट बोलायचं नाही. पात अर्धी राहिली तर राहू द्या. बैल झाडाला नाही, कोठ्यात. सुडी सकाळीच झाकून ठेवायची, आभाळ आल्यावर तिच्याकडे फिरकायचं नाही. भिजली तर भिजली.

सगळ्यात अवघड काम अजून उरलंय, आणि ते बायांच्या नाही, आम्हा मालकांच्या हातात आहे. दुपारी गडगडून काम थांबलं की ठेका बाजूला ठेवून त्या दिवसाचा पूर्ण रोज द्यायचा. बाया बाभळीखाली थांबतात ते पावसाला भिऊन नाही, उघडीप पडली की राहिलेलं सोंगायचं असतं म्हणून. गावातल्या मालकांशी बोलणं चालू आहे. काही तयार आहेत, काही म्हणतात परवडत नाही. त्यांच्या दारी मी पुन्हा जाणार आहे.

कळावे,
वाशिम जिल्ह्यातला एक शेतकरी