पददर्शन: गणिती यंत्राच्या गाभाऱ्यात शिरण्याची रीत

पंढरपुरात दर्शनाचे तीन प्रकार चालतात. गर्दी पाहून लांबूनच हात जोडले की कळसदर्शन, छोट्या रांगेतून मुख पाहून पुढे सरकलं की मुखदर्शन, आणि तासन्‌तास उभं राहून पायांवर डोकं ठेवलं की पददर्शन. ‘सेजमॅथ’ या गणिती सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. मॅथेमॅटिका, मॅटलॅब, मेपल आणि मॅग्मा या महागड्यांना फुकट पर्याय म्हणून विल्यम स्टाइन यांनी ते 2005 साली सुरू केलं. डेस्कटॉपवर त्याचं चिन्ह मिरवणं हे कळसदर्शन. ब्राउझरमधल्या वहीत गणितं करणं हे मुखदर्शन. खालील सूचना कमांड लाइनचे पाय धरू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत.

1. पूर्वतयारी. सेज मूळचं लिनक्सवर रमणारं. विंडोजवाल्यांची गैरसोय होऊ नये म्हणून लिनक्ससकट अख्खं आभासी यंत्र एका फायलीत बांधून मिळू लागलं. ते व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये उघडायचं. (हल्ली विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलचा जवळचा रस्ता झाला आहे, पण जवळच्या रस्त्याने जायचं तर वारी कशाला?) फाइल काही जीबींची असते. पंढरपुरात असाल तर ती आषाढी दशमीला डाउनलोड करायला घेऊ नये. त्या दिवशी गावात लाखो वारकरी असतात आणि त्यांचे मोबाइलही.

2. रांगेत उभे राहणे. यंत्र सुरू झालं की समोर फक्त वही दिसते, तेव्हा उजवा कंट्रोल धरून एफ2 दाबावं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ2 थेट दाबले तर ते आतल्या लिनक्सपर्यंत पोचतीलच असं नाही, म्हणून हा निरोप्या नेमला आहे. एफ2 दाबल्यावर लॅपटॉपचा आवाज कमी झाला तर सोबत एफएन दाबावं. लॅपटॉपला उजवा कंट्रोलच नसेल तर दुकानदाराशी भांडू नये. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये दुसरी कळ नेमता येते.

3. परवलीचा शब्द. नाव ‘सेज’, पासवर्डही ‘सेज’. दोन्ही रोमन लिपीत, लहान अक्षरांत. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधी चांदणीसुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून तो उलटा करून आपटू नये.

4. आपण कुठे पोचलो? 2^10 असं लिहून एंटर मारावं. ‘अशी कमांड सापडली नाही’ असं उत्तर आलं तर आपण अजून सभामंडपात, म्हणजे लिनक्सच्या शेलमध्ये आहोत. तिथे ‘सेज’ लिहून पुढे सरकावं. उत्तर 8 आलं तर चुकून साध्या पायथनच्या ओवरीत शिरलो. तिथे ^ या टोपीचा अर्थ घात नसून बिटांची तुलना (एक्सॉर) आहे. 1024 आलं की गाभारा.

5. बडवे. पंढरपूरच्या बडव्यांचे, म्हणजे देवळातल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, परंपरागत हक्क 1973च्या कायद्याने काढले आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. लिनक्सवर मात्र ‘रूट’ नावाचा बडवा अजून गादीवर आहे. नवं काही बसवायचं तर ‘सुडो’ म्हणून त्याची परवानगी घ्यावी. दक्षिणा लागत नाही, पण तो सांगाल ते निमूट करतो. सगळं पुसायला सांगितलं तर तेही. म्हणून जपून बोलावं.

6. पहिलं गाऱ्हाणं. इथवर येऊन दोन अधिक दोन विचारणं शोभत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा 6174 घ्यावा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि हेच उत्तरावर पुन्हा करायचं. 3524 घेतले तर 3087, मग 8352, मग 6174. फार तर सात फेऱ्यांत मुक्काम येतोच. गाभाऱ्यात 6174चे अवयव विचारले तर सेज सांगतं: 2, 3चा वर्ग आणि 7चा घन.

7. बाहेर पडणे. आधी सेजमधून, मग शेलमधून ‘एक्झिट’ म्हणावं आणि शेवटी यंत्र रीतसर बंद करावं. खिडकीची फुली दाबून पळ काढू नये.

ताजा कलम. आलेख पाहायचा असेल तर या काळ्या पडद्यावर तो दिसत नाही. चित्र फायलीत साठवावं किंवा पुन्हा ब्राउझरमधली वही उघडावी. थोडक्यात, पददर्शन झालेल्यांनी मुखदर्शनाच्या रांगेला हसू नये. त्याच रांगेत उद्या आपणही असणार आहोत.