मचाणावरचं इंटरनेट

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ वरचेवर गावात येतो. बहुतेक वेळा तो व्हॉट्सॲपवरून येतो. व्हिडिओ ठरलेला असतो: रात्रीची वेळ, गाडीचे दिवे, रस्त्याच्या कडेने डौलात निघालेला वाघ आणि मागून कुणाचा तरी दबका आवाज, "काच लाव बे, काच लाव!" हा वाघ मी मूलचा म्हणून पाहिला, ब्रह्मपुरीचा म्हणून पाहिला, आरमोरीचा म्हणून पाहिला. एकदा तर तो थेट आमच्या कॉलनीचा म्हणून आला. त्या संध्याकाळी दळण आणायला जायचं टळलं, म्हणून मी त्याचे मनोमन आभारही मानले.

पण आमच्याकडे वाघ ही चेष्टेवारी न्यायची बातमी नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला माणसं भल्या पहाटे जंगलात शिरतात. वाघ दिसला तो आज की तीन वर्षांपूर्वी, हे त्यांना कळायलाच हवं. आणि नेमकी तीच गोष्ट फॉरवर्डच्या वाघाला नसते. त्याला पट्टे असतात, तारीख नसते.

माझ्या मोबाइलवर बातम्या तारीखवार येतात, कारण मी अजून फीड वापरतो. तिचं पाळण्यातलं नाव आरएसएस. नागपूर शेजारी असल्यामुळे हे नाव आमच्या भागात मोकळेपणाने घेण्याची सोय नाही. "मी रोज सकाळी उठल्यावर आधी आरएसएस बघतो," असं मी स्टाफरूममध्ये सहज म्हणालो, तर निम्म्या मंडळींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि उरलेल्यांनी चहाचे कप उचलून जागा बदलली. तेव्हापासून मी फक्त 'फीड' म्हणतो.

प्रकार साधा आहे. संकेतस्थळावर काही नवं आलं की त्याची नोंद एका छोट्या फाइलमध्ये पडते. आपल्या मोबाइलमधलं फीडवाचक ॲप अधूनमधून तिथे जातं, काही नवं आहे का ते बघतं आणि असेल तेवढंच घेऊन येतं. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत हे सुरू झालं. ज्यांनी ते घडवलं त्यांत रामनाथन गुहा हे आयआयटी मद्रासचे इंजिनिअर होते. पुढे २००५ मध्ये गूगलने 'रीडर' आणला आणि वापर घटला म्हणून १ जुलै २०१३ रोजी बंदही केला. फीड मेली असं जाहीर करून लोक फेसबुकवर निघून गेले. इकडे तिच्याच जिवावर जगभरचे पॉडकास्ट चालू राहिले, पण तेराव्याचं जेवण झाल्यावर माणूस जिवंत आहे हे कोण मान्य करणार?

हे सगळं मी शेजारच्या काकांना समजावत होतो. काका वनपाल म्हणून निवृत्त झालेले. माझं व्याख्यान त्यांनी अर्ध्यात तोडलं. "म्हणजे मचाणावर बसाचं. जंगलभर हिंडाचं नाई. जनावर पाण्यावर येतेच."

बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्याशेजारी मचाणावर बसून प्राणी मोजायच्या रात्री काकांनी काढलेल्या आहेत. रात्रभर बोलायचं नाही, खोकायचं नाही, विडी तर नाहीच. जनावर आलं की कागदावर वेळ टाकायची, जात लिहायची, पुन्हा गप्प. मी त्यांना एका फीडचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये उघडून दाखवला. ना फोटो, ना जाहिरात, नुसते टोकदार कंस आणि अक्षरं. 'आयटेम' उघडला, आत 'टायटल', खाली 'लिंक', त्याखाली 'पबडेट': वार, तारीख, तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी भारतीय वेळेचं '+०५३०'. आयटेम बंद, पुढचा सुरू. काकांनी चष्मा वर केला. "हा तर आमचाच तक्ता आहे. आमी सेकंद नव्हतो लिहत, एवढाच फरक."

फीड खरी शोभते ती आमच्या जिल्ह्यांत, मुंबई-पुण्यात नाही. भामरागड-एटापल्लीकडे नेटवर्क कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. तिकडचे माझे एक मास्तर मित्र शाळेच्या मागच्या टेकडीवर चढतात, मोबाइल उंच धरतात आणि दोन कांड्या दिसल्या की मूर्तीसारखे उभे राहतात. एखादं सजवलेलं संकेतस्थळ उघडायचं तर वरचा फिरता फोटो उतरेपर्यंत कांड्या गेलेल्या असतात. फीड म्हणजे नुसता मजकूर, तोही मूठभर. तेवढ्या उभ्या-उभ्यात ती उतरते. मग गुरुजी टेकडी उतरून खाटेवर निवांत वाचत पडतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा रस्ता तुटला, तरी उतरवलेलं तुटत नाही.

यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वडशाच्या झाडीपट्टी नाटकांचे तुकडे टाकणारी काही चॅनेलं मी तशीच धरून ठेवली आहेत. आधी मी यूट्यूबवर जाऊन बघायचो. नाटकाचा एक प्रवेश बघायला बसावं, तर शेजारून कुणी पोट कमी करायला सांगे, कुणी कोंबड्या पाळायला, आणि उजाडायची वेळ होई. झाडीपट्टीचं नाटकही पहाटेपर्यंतच चालतं म्हणा, पण तिथे निदान कथा पुढे सरकते.

आता दुसरी बाजू. एका वृत्तसंस्थळाची सगळीच्या सगळी फीड घेतली की न वाचलेल्यांचा आकडा चक्रवाढ व्याजाने वाढतो. यावर फीडवाचकात एक बटण असतं: सगळं वाचलं म्हणून खूण करा. इतकं प्रामाणिकपणे खोटं बोलणारं बटण मी दुसरं पाहिलेलं नाही. मार्चअखेरीस अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं लिहून देणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला ते हाताळायला शिकवावं लागलं नाही. पण काकांचा सल्ला जास्त कामाचा निघाला: "पाणवठे कमी धरा. एका रात्री एकच."

म्हणून मी मोजकेच धरले आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत'वर पाऊस-विजांच्या इशाऱ्यांची फीड मिळते, ती आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे पीआयबीची, आहे. मराठी विकिपीडियावर कुठल्याही लेखाच्या इतिहासाला फीड असते, तिथून ताडोबाच्या लेखात कुणी काय बदललं यावर माझं बारीक लक्ष असतं. ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांनी फीडली, इनोरीडर किंवा 'फीडर' यांपैकी एक ॲप घ्यावं आणि त्यात आवडत्या संकेतस्थळाचा नुसता पत्ता टाकावा. फीड असेल तर बहुधा ते स्वतःच शोधून काढतं.

नसेल तर मात्र इलाज नाही, आणि गावोगावच्या कार्यालयांच्या, महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर ती सहसा नसते. तिथे असतो लाल अक्षरांत लुकलुकणारा 'नवीन' असा बिल्ला. मी ओळखतो अशा एका बिल्ल्याखालच्या निविदेतली इमारत बांधून झाली, तिला गळती लागली, डागडुजीची निविदा निघाली. बिल्ला अजून लुकलुकतोच आहे. तर हे सगळं चालवणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती: तो बिल्ला काढा, फीड सुरू करा, आणि सूचना कुठलीही असो, तिच्यावर तेवढी तारीख टाका.